मुक्तीचा मोबदला कोणाला?

काळ्यांच्या लढ्याशी आपल्या लढ्याचे नाते जोडले गेले नाही, असे आपल्या चळवळीचे व्यासपीठ सापडणे कठीण आहे. १९६६ साली अमेरिकेतील ओकलंड शहरात ‘ब्लॅक पँथर’ स्थापन झाली, १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली; नावाच्या या साम्यापासून भाषण सुरू होते आणि जगातील सारे पददलित एकच आहेत, या घोषणेशी ते संपते. घोषणा खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण तिच्यातून कळत मात्र काहीच नाही. भाषण संपल्यावर अभ्यासवर्गात एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, काळ्यांची गुलामगिरी जास्त वाईट की आपली अस्पृश्यता?” मग तासभर दोन्ही बाजूंनी पुरावे मांडले जातात. एकीकडे चाबूक, दुसरीकडे गळ्यातले गाडगे. जणू दुःख तराजूत घालून तोलता येते!

इतिहासाची तुलना अशी होत नसते. एकच प्रश्न घ्यावा आणि तो प्रत्येक देशाला विचारावा. उत्तरे जिथे जुळतात तिथे थांबावे, जिथे जुळत नाहीत तिथे त्याहून जास्त वेळ थांबावे. मी जो प्रश्न घेतो तो हिशेबाचा आहे. कायद्याने बंधन तुटले त्या दिवशी सरकारने कोणाच्या हातावर काय ठेवले?

प्रथम ब्रिटन घेऊ, कारण हा हिशेब त्या देशाने सर्वांत नीटनेटका लिहून ठेवला आहे. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून तो अंमलात आला. वेस्ट इंडीज, मॉरिशस, केप कॉलनी अशा वसाहतींतील सुमारे आठ लाख माणसे या कायद्याखाली आली. त्याच कायद्यात भरपाईची तरतूद होती: दोन कोटी पौंड. त्या काळच्या ब्रिटिश सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के. ही भरपाई मिळाली मालकांना. ज्यांच्या पाठीवर वळ होते त्यांना एक पेनीही मिळाली नाही.

वाटप कसे झाले हेही पाहण्यासारखे आहे. लंडनमध्ये आयोग बसला. मालकांनी अर्ज भरायचे आणि आपल्या गुलामांची वर्गवारी लिहायची: शेतात राबणारे, मुकादम, कसबी कारागीर, घरकामाचे, सहा वर्षांखालील मुले, म्हातारे आणि निकामी. प्रत्येक वर्गाचा दर वेगळा. म्हणजे माणूस ही मालमत्ता नाही असे सांगणारा कायदा अंमलात आणण्यासाठी माणसांची मालमत्ता म्हणून शेवटची मोजदाद करण्यात आली. दावेदारांत बडे मळेवाले होते, तसे धर्मगुरू होते, आणि कधी वेस्ट इंडीज न पाहिलेल्या, दोन-चार गुलाम वारसाहक्काने मिळालेल्या विधवाही होत्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील कॅथरीन हॉल, निक ड्रेपर आदी अभ्यासकांनी या दाव्यांची सूची तयार करून २०१३ साली ती सर्वांसाठी खुली केली. आपल्या संशोधकांनी ती जरूर पाहावी. शोषितांचा इतिहास शोधताना आपण शोषितांच्याच कहाण्या गोळा करीत बसतो. शोषकाच्या वह्या उघडण्याचे काम मागे राहते.

मालकांना मिळालेले दुसरे दान म्हणजे ‘उमेदवारी’. मुक्त झालेल्या गुलामांनी आणखी काही वर्षे त्याच मालकाकडे, शेतमजुरांच्या बाबतीत आठवड्याला पंचेचाळीस तास, बिनपगारी राबायचे. माणसे काम शिकतील आणि मग स्वतंत्र होतील, अशी भाषा! पिढ्यान्पिढ्या ऊस तोडणाऱ्यांना ऊस तोडणे शिकवायचे होते. वेस्ट इंडीजमधील लोकांनी हे निमूटपणे सोसले नाही आणि १८३८ सालीच ही पद्धत मोडली.

भरपाईसाठी सरकारने दीड कोटी पौंडांचे कर्ज रॉथशील्ड आणि माँटेफिओरी यांच्या मार्फत उभे केले. त्या कर्जाची अखेरची बाकी ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडली. म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जमैका आणि बार्बाडोसहून येऊन लंडनच्या बसगाड्या आणि इस्पितळे चालवणाऱ्या काळ्या कामगारांनी आपल्या पणजोबांच्या मालकांना दिलेल्या भरपाईचे हप्ते स्वतःच्या करातून भरले.

या पैशाचे पुढे काय झाले, त्याची एक वाट थेट आपल्या दारापर्यंत येते. जॉन ग्लॅडस्टन हा लिव्हरपूलचा व्यापारी; पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप. अडीच हजारांवर गुलामांपोटी त्याला एक लाख सहा हजार पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. उमेदवारी संपल्यावर ब्रिटिश गियानातल्या आपल्या मळ्यांवर कोण राबणार याची चिंता त्याला आधीच पडली होती. त्याने कलकत्त्याच्या एका व्यापारी पेढीला पत्र लिहिले. १८३८ साली ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ या दोन जहाजांतून चारशेच्या आसपास हिंदी मजूर तिकडे पोचले; त्यांत छोटा नागपूरच्या आदिवासींचा भरणा मोठा होता. गिरमिटाची पद्धत वेस्ट इंडीजमध्ये अशी सुरू झाली. मॉरिशसमध्ये ती १८३४ पासूनच सुरू झाली होती. तिथल्या मळेवाल्यांना भरपाईपोटी एकवीस लाख पौंड मिळाले होते, आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत चार लाखांहून अधिक हिंदी मजूर त्या एवढ्याशा बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकण आणि घाटावरची माणसे होती. मॉरिशसमध्ये आजही मराठी शिकवले जाते, त्याचे मूळ इथे आहे. मराठी माणूस सातासमुद्रापार गेला, म्हणून आपल्याकडे त्याचे गोडवे गायले जातात. तो कोणाच्या रिकाम्या झालेल्या खोपटात राहायला गेला, हे मात्र कोणी सांगत नाही. गुलामाने मजुरी मागू नये म्हणून त्याच्यासमोर गिरमिटिया उभा केला गेला, आणि दोघांची भांडणे लावून मळेवाला सुरक्षित राहिला. वर्ग आणि वंश यांची गुंफण कशी होते, हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आता हिंदुस्थानचे काय? १८३३ च्या त्या कायद्याच्या ६४ व्या कलमात स्पष्ट म्हटले होते की ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला, सिलोनला आणि सेंट हेलेनाला हा कायदा लागू नाही. साऱ्या जगापुढे मिरवलेला मुक्तीचा कायदा आपल्या उंबऱ्याबाहेर थांबवला गेला. मलबारात चेरुमा आणि पुलया जमिनीसकट विकले जात होते, गहाण पडत होते. दक्षिण गुजरातेत दुबळे ‘हाळी’ म्हणून पिढीजात राबत होते. हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. १८४१ साली कायदा आयोगाने हिंदुस्थानातील गुलामगिरीवर मोठा अहवालच दिला. त्यानंतर १८४३ चा पाचवा कायदा आला. गुलामावरील मालकी हक्क कोर्ट यापुढे मान्य करणार नाही, एवढेच त्याचे सार. या कायद्यात मालकाला भरपाई नव्हती. का नव्हती? माझे मत असे की मालकाचे फारसे काही जातच नव्हते. कोर्टाने डोळे मिटले. जमीन, कर्ज आणि जात तिथेच राहिली. ज्याला गावात दुसरा कोणी उभा करणार नाही, ज्याला स्वतःची बिघाभर जमीन नाही, त्याला बांधून ठेवायला कोर्टाचा हुकूमनामा लागत नाही.

जाता जाता नाशिकची एक हकीगत सांगतो, कारण ती आपल्या इतिहासलेखनात क्वचितच येते. हिंदी महासागरात अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले ब्रिटिश आरमार मुंबईला आणीत असे. त्यांतल्या काहींना नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनरी आश्रमात ठेवून लिहायला-वाचायला आणि हातकाम शिकवले जाई. डॉ. लिव्हिंगस्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट हा शरणपूरचा विद्यार्थी होता. १८७३ साली, मुंबईचे गव्हर्नर राहून गेलेले सर बार्टल फ्रियर गुलामांचा व्यापार थांबवण्यासाठी झांजिबारच्या सुलतानाकडे गेले. त्याच काळी त्यांच्या जुन्या इलाख्यात महार सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावत होता, आणि ती चाकरी सरकारदप्तरी रीतसर नोंदलेली होती. समुद्रावरचा गुलाम दिसतो, गावकुसाबाहेरचा दिसत नाही. साम्राज्याची करुणाही अशी ठिकाण पाहून वाहते.

नेमके याच १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. आपल्याकडील तुलनात्मक विचाराचा हा पहिला मोठा दस्तऐवज. सातासमुद्रापलीकडची लढाई आणि भटशाहीविरुद्धची लढाई एकाच शब्दाखाली आणण्याचे धाडस त्यांनी केले, आणि तेही स्वतःला उदारमतवादी म्हणवणारे विद्वान जातीला सामाजिक व्यवस्था म्हणत होते त्या काळात. पण जोतीरावांना अभिवादन करून आपण थांबलो तर त्यांचे काम अर्धवट राहते. कारण ज्या अमेरिकेला त्यांनी ग्रंथ अर्पण केला, ती अमेरिका चारच वर्षांत, १८७७ साली, मुक्त काळ्यांना वाऱ्यावर सोडून देणार होती.

अमेरिकेत हिशेबाचे काय झाले? १८६२ च्या एप्रिलमध्ये राजधानी वॉशिंग्टनमधील सुमारे तीन हजार गुलाम मुक्त करण्यात आले, तेव्हा एकनिष्ठ मालकांना दर गुलामामागे सरासरी तीनशे डॉलरपर्यंत भरपाई दिली गेली. किंमत ठरवायला बाल्टिमोरचा एक गुलामांचा व्यापारी बोलावला होता. काळ्यांनाही पैसे देऊ केले होते, शंभर डॉलरपर्यंत; मात्र त्यांनी देश सोडून हैती किंवा लायबेरियात जावे या अटीवर. दक्षिणेतल्या मालकांना भरपाई मिळाली नाही, कारण ते युद्ध हरले होते. हा फरक लहान नाही. ब्रिटनमध्ये मालकवर्गाने पार्लमेंटात बसून सौदा केला, अमेरिकेत त्याचा रणांगणावर पराभव झाला. म्हणूनच जमिनीचा प्रश्न तिथे क्षणभर का होईना उघडला गेला. १२ जानेवारी १८६५ रोजी सव्हाना शहरात जनरल शर्मन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना भेटीस बोलावले. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. स्वतः गुलाम राहिलेला हा म्हातारा माणूस. मुक्तांना काय हवे असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की जमीन हवी, जी आम्ही आमच्या श्रमाने कसू. चार दिवसांनी शर्मन यांचा हुकूम निघाला: किनाऱ्यालगतची जमीन, दर कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. सुमारे चाळीस हजार माणसे तिथे वसली, पेरणी झाली. एप्रिलमध्ये लिंकन मारले गेले आणि नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी वर्ष संपण्याआधीच बंडखोर मालकांना माफी देऊन जमिनी परत केल्या. एडिस्टो बेटावर ही बातमी सांगायला जनरल हॉवर्ड यांना जावे लागले. लोक अर्धेलीवर त्याच मालकाचा कापूस पिकवू लागले आणि सावकाराच्या वहीत अडकले.

गोऱ्या गरिबांनी काळ्यांची बाजू का घेतली नाही? डू बॉइस यांनी १९३५ सालच्या आपल्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. गोऱ्या मजुराला पैशाची मजुरी तुटपुंजी मिळत होती, पण गोरेपणाचा मान ही वरकमाई त्याला सार्वजनिक जीवनात मिळत होती, आणि तिच्यापायी त्याने आपला वर्गबंधू गमावला. आपल्याकडील अल्पभूधारक शेतकरी आणि भूमिहीन दलित मजूर यांच्यामध्ये हीच भिंत आहे. मार्क्सवादी मित्रांनी ही भिंत ‘जाणिवेतला दोष’ म्हणून झटकून टाकली, ही त्यांची मोठी चूक झाली असे मला वाटते. ती वरकमाई खरी असते. तिच्यावर माणसे जगतात आणि तिच्यासाठी मारतातही.

हैतीचा हिशेब सर्वांत निर्लज्ज आहे. १७९१ साली तिथल्या गुलामांनी बंड केले, नेपोलियनची फौज हरवली आणि १८०४ साली स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. कोणी दिलेली मुक्ती नव्हती ती, घेतलेली होती. १८२५ साली फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून सांगितले की पंधरा कोटी फ्रँक भरा, मगच तुमचे स्वातंत्र्य मान्य करू. कशापोटी? मळेवाल्यांचे जे गेले त्यापोटी, आणि जे गेले त्यात मळ्यांबरोबर ही माणसेही होती. पहिल्या हप्त्यासाठी हैतीला पॅरिसच्या सावकारांकडूनच तीन कोटींचे कर्ज काढावे लागले. त्यातले साठ लाख त्यांनी आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये रक्कम एकूण नऊ कोटींवर आली, पण या कर्जांचे शेपूट १९४७ पर्यंत वळवळत राहिले. २००३ साली अध्यक्ष आरिस्टिड यांनी हे पैसे परत मागितले. २००४ च्या फेब्रुवारीत त्यांची सत्ता गेली. १७ एप्रिल २०२५ रोजी, त्या हुकुमाला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, फ्रान्सच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग नेमण्याची घोषणा केली. पैशाचे नाव काढले नाही.

आता आपल्याकडे येऊ, आणि येताना सावध राहू. महारकी ही गुलामगिरी नव्हती. महाराला बाजारात विकता येत नव्हते, आणि वतनाची जमीन त्याचीच होती. खुद्द बाबासाहेबांनी या दोन व्यवस्थांतला फरक फार कठोरपणे मांडला आहे: गुलामासाठी मालकाने पैसे मोजलेले असतात म्हणून तो त्याला जगवतो, अस्पृश्याला जगवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. जे बाबासाहेबांनी वेगळे केले ते आपण घाईने एक करू नये. पण बाबासाहेब तुलना टाळतही नव्हते. १९४६ साली त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांना केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ज्याला उपयोग करायचा असतो तो कागद मागतो.

त्यांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाचे बिल मांडले. अहोरात्र चाकरीच्या बदल्यात मिळालेली ही जमीन पूर्ण शेतसारा आकारून रयतवारीने मोकळी करावी, कामाची व्याख्या व्हावी, बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी, असा त्याचा आशय. ते मंजूर झाले नाही. शेवटी १९५८ च्या कायद्याने पाटील-कुलकर्ण्यांच्या खालची सारी वंशपरंपरागत गावकामे आणि त्यांची वतने रद्द झाली. जमिनी सरकारजमा झाल्या आणि वतनदारालाच त्या पुन्हा देण्याची तरतूद झाली. मात्र चाकरीपोटी नेमून दिलेल्या जमिनीसाठी त्याने सरकारी आकाराच्या तिप्पट कब्जेहक्काची किंमत पाच वर्षांत भरायची होती. शिवाय जमीन नव्या शर्तीची, म्हणजे सरकारी परवानगीवाचून विकता न येणारी.

तिप्पट आकार म्हणजे रक्कम फार मोठी नव्हती, हे खरे. पाटील-कुलकर्ण्यांनाही त्यांच्या वतनी जमिनींसाठी किंमत भरावी लागली, हेही खरे. कागदावर समता दिसते. पण एकाने पिढ्यान्पिढ्या वसूल केले होते आणि दुसऱ्याने फुकट धावपळ केली होती. फुकट घेतलेल्या वेठीचा हिशेब करून ती रक्कम या किमतीतून वजा करावी, असे त्या कायद्यात कुठेही नाही. त्याच काळात माजी संस्थानिकांना घटनेच्या २९१ व्या कलमाखाली तनखे चालू होते, ते १९७१ पर्यंत चालले. हैदराबादच्या जहागिरदारांनाही जहागिरीच्या बदल्यात ठराविक रकमा बांधून दिल्या होत्या. ज्याने राज्य केले त्याचे नुकसान सरकारने मोजले. ब्रिटनमध्ये मोजले तसेच, फ्रान्सने मोजले तसेच.

उलट उदाहरणही मांडले पाहिजे. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा पाहा: वेठबिगाराचे कर्जच रद्द, आणि सावकाराला त्यापोटी काही घेण्यास बंदी. १८३३ च्या ब्रिटिश पार्लमेंटला जे सुचले नाही ते इथे लिहिले गेले. अंमलबजावणी किती झाली हा वेगळा प्रश्न आहे, पण मालकाला भरपाई दिल्याशिवाय मुक्तीचा कायदा होऊच शकत नाही, हा दावा या कायद्याने खोटा ठरवला. मॉरिशसनेही २००९ ते २०११ या काळात सत्य आणि न्याय आयोग नेमून गुलामांच्या आणि गिरमिटियांच्या वारसांनी गमावलेल्या जमिनींचे दावे ऐकले. आपल्याकडे असा आयोग वतनी जमिनींसाठी कोणी मागितला आहे काय? दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखांवर माणसे तुरुंगात गेली; त्यांची मागणी पडीक आणि गायरान जमिनीची होती. हातातून गेलेल्या वतनी जमिनीचा हिशेब तसाच राहिला.

तो गावोगाव करता येण्यासारखा आहे. तलाठ्याकडील फेरफार नोंदवहीत १९५९ नंतरच्या नोंदी पाहाव्यात: कब्जेहक्काची रक्कम कोणी भरली, किती तारखेला भरली, न भरल्यामुळे जमीन कोणाच्या नावे गेली. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात नव्या शर्तीचा शेरा आहे की कमी केला आहे, आणि कमी केला असेल तर कोणाच्या अर्जावरून, हे पाहावे. ज्याने रक्कम भरली त्याला ती कोणी उसनी दिली, हे वहीत सापडणार नाही. ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागेल, आणि ती माणसे आता फार थोडी उरली आहेत.